मार लागल्यानंतर गुडघ्यावर राहिलेली गाठ

संक्रांतीला जयपुरात गच्च्या पतंगांनी भरून जातात आणि पुढचा आठवडाभर घरोघरी कोणाचा तरी गुडघा सुजलेला असतो. शास्त्रीनगरातील एका मराठी कुटुंबातला तेरा वर्षांचा मुलगा असाच गच्चीवर पडला. सूज आठ दिवसांत उतरली. पण गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या सुरुवातीला बोराएवढी टणक गाठ राहिली. आता सहा आठवडे झाले. आजी म्हणतात, रक्त साकळले आहे, तेल लावून चोळले की विरघळेल. शेजाऱ्यांनी हाडवैद्याचा पत्ता दिला आहे. चोळू द्यावे की नाही, हा आईचा प्रश्न आहे.

चोळू देऊ नये.

आजींचे निदान अगदीच चूक म्हणता येणार नाही. मुक्या माराने कातडीखाली रक्त साकळते, त्याचे टेंगूळ येते. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा, पाय उंच ठेवावा. टेंगूळ सहसा काही आठवड्यांत जिरते. जोराने चोळल्यास आत पुन्हा रक्त सुटते. मांडीच्या स्नायूंत तर अशा वेळी कधी कधी चक्क हाड तयार होते.

गाठ वाटीच्या वरच, मऊ आणि पाणी भरल्यासारखी असेल, तर तेथील वंगणाची पातळ पिशवी सुजलेली असते. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या मोलकरणींवरून इंग्रजीत या दुखण्याला नाव पडले. आपल्याकडे फरशी बसवणाऱ्या कारागिरांनाही ते होते. ती लाल व गरम झाली, ताप आला, तर पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गुडघ्याच्या मागे, लवणीत येणारी गाठ बहुधा मोठ्या माणसांत, सांध्याच्या जुन्या दुखण्यामुळे असते.

या मुलाचे वय आणि गाठीची जागा पाहता मात्र वेगळीच शक्यता पुढे येते. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी 1903 साली स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. वाढत्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या कोवळ्या हाडाला वारंवार ओढतो आणि तेथे उंचवटा येतो. धावताना, उड्या मारताना, जिना चढताना दुखते. पडणे हे याचे मूळ कारण नसते. पडल्यामुळे हात तिकडे गेला इतकेच.

हेच वाक्य एका गंभीर आजारालाही लागू पडते, म्हणून सहा आठवड्यांनंतर वाट पाहू नये. हाडाचा कर्करोग क्वचित होतो, पण झाला तर बहुधा याच वयात आणि गुडघ्याच्या आसपास. मार लागल्याने तो होत नाही. पण घरातल्या सर्वांना पडलेला दिवस आठवत असतो आणि त्या आठवणीच्या भरवशावर दोन-तीन महिने मालिशीत जातात. गाठ वाढत असेल, विश्रांतीतही दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर लगेच एक्स-रे काढावा. संशय आलाच, तर कोठेही सुई घालून किंवा कापून पाहू देऊ नये. तुकडा काढण्याची तपासणी पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच व्हावी. पाय कापतील या धास्तीने तपासणी टाळणारी घरे कमी नाहीत. वस्तुतः केमोथेरपी आणि आधुनिक शस्त्रक्रियेमुळे आता बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो, मात्र वेळेवर पोचले तर.

या मुलासाठी अस्थिरोगतज्ज्ञांची भेट आणि एक एक्स-रे पुरेसा होण्याचीच शक्यता जास्त. निदान ऑसगुड-श्लॅटरचे ठरले, तर दुखेल इतके धावणे-खेळणे कमी करावे, खेळून आल्यावर बर्फ लावावा आणि मांडीचे स्नायू ताणण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. उंची वाढायची थांबली की दुखणे सहसा थांबते. उंचवटा मात्र कित्येकांना जन्मभर राहतो. गुडघे टेकून बसताना तेवढा टोचतो.