गाडी आपल्या रस्त्यावर आणून बघा

जीप ग्रँड चेरोकी रांजणगावला जुळवली जाते, मर्सिडीजची जीएलई चाकणला आणि ऑडीची क्यू ७ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. कोटीच्या आसपास किमती असलेल्या, मध्यम आकाराच्या म्हणवल्या जाणाऱ्या ज्या आलिशान गाड्या आहेत, त्यांतल्या तीन अशा आपल्याच मुलखात तयार होतात. बीएमडब्ल्यूची एक्स ५ तेवढी चेन्नईहून येते आणि व्होल्व्होची एक्ससी ९० बंगळुरूजवळच्या होसकोटेहून. शिरूर तालुक्यातल्या निमोणे, गुणाट, शिंदोडी या पट्ट्यातली पोरं रोज सकाळी रांजणगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात. गाडी आपल्या पोरांच्या हातांतून जाते, पण ती चालते कशी हे मात्र आपण मोबाइलवरच्या व्हिडिओत बघतो आणि तेवढ्यावर व्यवहार ठरवतो.

जमिनीचे पैसे आले, वाहतुकीचा धंदा मार्गी लागला, एमआयडीसीतली कंत्राटं मिळाली, की घरात मोठ्या गाडीचा विषय निघतोच. घ्यावी की नाही हे ज्याचं त्याने बघावं, त्यात मी पडत नाही. पण ज्यांनी घ्यायचं ठरवलंय त्यांना हात जोडून सांगणं आहे, की दोन गाड्यांची तुलना शोरूमच्या कागदावर करू नका. त्या आपल्या रस्त्यावर आणा आणि आपलं बिऱ्हाड घेऊन चालवून बघा.

कागदावर पहिला आकडा असतो शून्य ते शंभरचा. ऑडी क्यू ७ पाच पूर्णांक सहा सेकंदांत, एक्स ५ चं पेट्रोल मॉडेल त्याहून थोडं आधी. शिरूर तालुक्यातल्या माणसाला सेकंदांचं वेड समजावून सांगायला नको. पण बैलगाडा शर्यतीच्या घाटात अकरा-बारा सेकंदांत बारी मारणारा बैल आपण नांगराला जुंपत नाही, आणि नांगराचा बैल घ्यायला गेलं की घाटातले सेकंद विचारत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा कुठे जातो कोण जाणे. शिवाय २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मोटारीला ताशी ७० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. म्हणजे ज्या शंभरापर्यंतचे सेकंद आपण मोजतो, तो शंभर निमोण्याच्या रस्त्यावर कायद्याने गाठायचाच नाही. आपल्या कामाचा आकडा चाळीस ते सत्तर. तो जाहिरातीत छापत नाहीत, चालवूनच बघावा लागतो.

का, ते सांगतो. गळीत हंगामात शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर पुढे उसाची डबल ट्रॉली असते. ती पंधरा-वीसच्या वेगाने चाललेली, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, आणि समोरून येणाऱ्या वाहनांमध्ये जेमतेम एक फट. त्या फटीत गाडी निघाली पाहिजे. इथे ग्रँड चेरोकी आणि जीएलई ३००डी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. दोन्हींचं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. ताकदही जवळपास सारखी: चेरोकी २७२ पीएस, जीएलई २६९ अश्वशक्ती. पण चेरोकी पेट्रोलवर आहे आणि तिचा टॉर्क, म्हणजे ओढ, ४०० न्यूटन मीटर. जीएलई डिझेल आहे आणि तिची ओढ ५५०. तीही कमी फेऱ्यांवर मिळते. म्हणून डिझेल गाडी फारसा गिअर न बदलता दमदार निघते. पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स आधी दोन गिअर खाली येतो, इंजिन ओरडतं, मग गाडी सुटते. तीही सुटते जोरातच, पण मधे जो क्षण जातो तो नेमका समोरचा टेंपो दिसल्यानंतरचा असतो. ताशी ७० ने गाडी एका सेकंदात एकोणीस मीटरच्या वर जाते. हा उशीर तुमच्या पायाला किती जाणवतो, सवयीने जमेल की रोज वैताग आणेल, हे सांगणारा आकडा कुठल्याच पत्रकात नसतो. मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून सत्तरला दोन्ही गाड्या नेऊन बघा, आधी एकटे आणि मग पाच माणसं भरून. फरक लगेच कळेल.

या दोघींत लाखांचा फरकही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चेरोकी आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत साडेसत्त्याहत्तर लाख होती, जीएलई त्याहून बरीच वर. म्हणून नुसतं ‘डिझेल चांगलं’ म्हणून मोकळं होता येत नाही. डिझेलच्या धुराड्यातली काजळी धरणारी जाळी लांबच्या, एका वेगाच्या प्रवासात आपोआप साफ होते. गाडी रोज फक्त घर, पाट, डेअरी आणि सोसायटी एवढीच फिरणार असेल तर जाळी तुंबते आणि दिवा लागतो. पेट्रोलला ही कटकट त्या मानाने कमी. पण २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. तेव्हा टाकीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत त्याला मान्यता लिहिलेली आहे ना, ते डोळ्यांनी बघा. सेल्समनच्या तोंडी ‘हो’वर जाऊ नका.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्याकडचा बघा: शाळेपुढे, देवळापुढे, कुणाच्या दारापुढे, रातोरात मुरूम-डांबर टाकून केलेला, रुंदीला हातभर आणि उंचीला गुडघ्याशी स्पर्धा करणारा. चेरोकीचं पोट जमिनीपासून २१५ मिलिमीटर वर आहे, हे ऐकायला छान वाटतं. पण या सगळ्या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. अंतर लांब असलं की अशा उंचवट्यावर मधलं पोट टेकायची शक्यता वाढते, त्यात मागे चार माणसं आणि डिकीत कांद्याच्या दोन गोण्या असल्या की गाडी आणखी बसते. म्हणून तुमच्या गावातला सगळ्यात वाईट गतिरोधक निवडा, गाडी भरा, सावकाश न्या, आणि एकाला बाहेर उभं राहून वाकून बघायला सांगा. कुठल्याही परीक्षणापेक्षा हे काम मोलाचं आहे, आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

खड्ड्यांचंही तसंच. क्यू ७ आणि एक्स ५ ला हवेचं सस्पेन्शन आहे, भारतातल्या चेरोकीला साधी लोखंडी स्प्रिंग. हवेचं सस्पेन्शन मऊ चालतं, गाडी वर-खाली करता येते. पण वॉरंटी संपल्यावर ते बिघडलं की खर्च असा येतो की माणूस गप्प बसतो. स्प्रिंग थोडी धक्का देईल, पण दुरुस्ती सोपी. टायरवरचे आकडेही वाचायला शिका. २६५/५० असं लिहिलं असेल तर टायरची बाजूची भिंत रुंदीच्या निम्मी, म्हणजे साधारण १३२ मिलिमीटर. तिथेच ५० ऐवजी ४० असेल तर ती १०६ वर येते. मोठी रिम आणि पातळ टायर फोटोत देखणे दिसतात. कडा तुटलेल्या डांबरावरून साइडपट्टीला उतरताना मात्र फुगवटा येतो तो अशाच टायरला. स्टेपनी आहे का, असली तर पुऱ्या मापाची का, हे विचाराच. रात्री अकराला चिंचणीच्या बाजूला टायर फुटला तर त्या मापाचा टायर शिरूरमध्येही मिळेल याची खात्री नसते.

ज्यांच्याकडे आज फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ आहे त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्या गाड्या लोखंडी चॅसीवर बांधलेल्या असतात. शेतातला चिखल, दगडगोटे, मार खाण्यासाठीच त्यांचा जन्म. या आलिशान क्रॉसओव्हरांचं अंग आणि सांगाडा एकच. म्हणून त्या वळणावर कमी झुकतात, मागच्या माणसाला कमी हलवतात, महामार्गावर शांत चालतात. पण काळ्या रानात त्या नांगरटीतून घालायच्या नाहीत. चेरोकी ५३३ मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. ओढ्याला पाणी आल्यावर ते पाणी किती मिलिमीटर आहे हे मोजायला कोण उतरणार? पाणी ओसरेपर्यंत थांबा, बस्स.

ब्रेक बघताना कोरडा रस्ता पुरेसा नाही. ऊसतोड सुरू असलेल्या फडाच्या तोंडाशी रस्त्यावर वाढे, पाचट आणि टायरने आणलेली ओली माती पडलेली असते. दोन टनांच्या आसपासची गाडी तिथे कशी थांबते हे मोकळ्या जागी, मागेपुढे कुणी नसताना, तीसच्या वेगाने बघा. त्याहून जास्त नको. पुढच्या वाहनाजवळ गेल्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा या गाड्यांत असते, ती चांगलीच आहे. पण रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीच्या मागे वावभर बाहेर आलेला ऊस तिने ओळखावा, अशा भरवशावर बसू नका. त्यासाठी चाचणीची एक फेरी अंधार पडल्यावर घ्या. दिव्यांचा झोत किती लांब पडतो, वळणावर रस्त्याची कड दिसते का, समोरच्याला चकाकी लागते का. उसातून रानडुक्कर किंवा बिबट्या आडवा येणं आपल्याकडे नवं नाही.

आईला, आजीला मागे बसवा. पाऊल टाकून चढता येतं का, अर्ध्या तासाने कंबर काय म्हणते, हे त्यांना विचारा. नाहीतर घरातला बोलका पोरगा पुढच्या सीटवर बसून मत देतो आणि तेच घराचं मत ठरतं.

विक्रेता म्हणेल, आमचा टेस्ट ड्राइव्हचा मार्ग ठरलेला आहे. पाऊण-एक कोटीचं गिऱ्हाईक आहात, अडून बसा. दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच दिवशी मागवा, म्हणजे चालवणारा, माणसं, रस्ता आणि हवा सगळं सारखं राहील. आठवड्याच्या अंतराने चालवलेल्या गाड्यांची तुलना होत नाही, कारण लक्षात राहतो तो फक्त डॅशबोर्डचा पडदा. गाडी गावापर्यंत आणायला कुणी अगदीच तयार नसेल तर तालुक्यात ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडे जा आणि दोन वर्षांच्या सर्व्हिसची बिलं दाखवायला सांगा. आणि बुकिंगची रक्कम देण्याआधी, व्यवहार मोडला तर ती परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. सेल्समनचा ‘अहो, मी आहे ना’ पावतीवर उमटत नाही.