काचेचे दार आणि तिकिटाची भिंत

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या प्रांगणात काचेचा पिरॅमिड उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा फ्रान्समध्ये गदारोळ माजला. जुन्या राजवाड्याच्या मधोमध ही परकी आकृती कशासाठी, असा रसिकांचा सवाल होता. समाजवादी राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी १९८३ मध्ये स्पर्धा न घेताच आय. एम. पेई या वास्तुशिल्पीला काम सोपवले, हा आक्षेप मात्र रास्त होता. सार्वजनिक वास्तू एकाच्या मर्जीने ठरू नये.

परंतु या वादात खरे धाडस झाकले गेले. राजवाड्याची रिशल्यू ही सबंध बाजू शंभराहून अधिक वर्षे अर्थमंत्रालयाने व्यापली होती. ते मंत्रालय बेर्सी भागात हलवण्यात आले आणि १९९३ साली तेथील दालने जनतेला खुली झाली. १७९३ मध्ये क्रांतीने राजाचा कलासंग्रह जनतेला खुला केला होता. दोनशे वर्षांनी ते कार्य पुढे सरकले. १९८९ मध्ये उघडलेला पिरॅमिड हे त्या कार्याचे दार होय.

हे दार वर्षाकाठी सुमारे ४० लाख प्रेक्षक गृहीत धरून बांधले होते. २०२४ मध्ये सुमारे ८७ लाख आले. गर्दी व अपुरे मनुष्यबळ यांनी गांजलेल्या कर्मचाऱ्यांनी १६ जून २०२५ रोजी काम थांबवले, तेव्हा काही तास संग्रहालय उघडलेच नाही. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी त्याआधीच, जानेवारीत, नव्या प्रवेशद्वाराची आणि 'मोना लिसा'साठी स्वतंत्र दालनाची घोषणा केली होती. खर्चाला हातभार म्हणून जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या प्रेक्षकांचे तिकीट २२ वरून ३२ युरो झाले.

अजिंठ्यातही परदेशी पाहुण्यास अधिक शुल्क पडते, हे खरे. पण अजिंठा कोणाच्या देशातून उचलून आणलेला नाही. लूव्रमध्ये हम्मुराबीच्या कायद्याची शिला आहे. ती पाहण्यासाठी बाबिलोनच्या भूमीतल्या इराकी माणसाने फ्रेंच माणसापेक्षा दहा युरो अधिक का मोजावेत?

नवे दार अवश्य बांधावे, तेही धीटपणे बांधावे. परंतु त्या दारातून कोण आत येऊ शकतो आणि आत राबणाऱ्यांचे काय होते, यावरच त्या धाडसाचे मोल ठरेल. पारदर्शक काचेमागे तिकिटाची भिंत उभी राहिली, तर राजवाडा पुन्हा राजवाडाच होईल.