परके कोण?

मंडळाच्या मागील बैठकीत ‘डिस्ट्रिक्ट ९’ हा २००९ सालचा विज्ञानपट दाखविण्यात आला. नंतरच्या चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी उद्गार काढले की, पांढुर्णा-सौंसरचे आपण मराठी भाषिक म्हणजे या चित्रपटातील परग्रहवासीच होत! टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजविली नाही. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

जोहान्सबर्गवर एक यान येऊन थांबते, त्यातील उपाशी जीवांना कुंपणात कोंबले जाते आणि पुढे तेथूनही हुसकावले जाते, अशी ही कथा. ती केवळ कल्पनेची नव्हे. केपटाउनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरवून तेथील सुमारे साठ हजार माणसे हलविली गेली होती.

आपले काय झाले? १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सीमा हलली, आपण संत्र्याच्या बागांत होतो तेथेच राहिलो. मराठी शाळा ओसरल्या हे दुःख खरे, पण खसऱ्यावरील नाव आपलेच राहिले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हाही झाला. जाम नदीवरची गोटमार थांबविणे आजवर कोणत्याही कलेक्टरला साधलेले नाही. निर्वासितांचा असा दरारा आम्ही अन्यत्र ऐकला नाही!

चित्रपटात आम्हाला ओळखीचा वाटला तो विकुस नावाचा अधिकारी. झोपडी-झोपडीतून नोटिशीवर सह्या घेत हिंडणारा, समोरच्याने कागदाला फटका मारला तरी तीच सही मानणारा. शासकीय सेवेत असताना एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात आम्हीही असेच हिंडलो आहोत. नोटीस हिंदीत आणि समोर गोंडी बोलणारी म्हातारी. अंगठा उमटविण्यापूर्वी तिने काहीतरी विचारले. पटवाऱ्याने त्याचा अर्थ सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. पंचनामा मात्र निर्दोष होता.

देवगडच्या ज्या गोंड राजांपैकी बख्त बुलंदाने नागपूर वसविले, त्यांच्याच मुलखात आपली कित्येक घराणी भोसल्यांच्या मागून आली. आज बुजुर्गपणाचा दावा मात्र आपण करतो. याच चित्रपटाने परग्रहवासीयांची कणव करताना नायजेरियनांना गुंड आणि नरभक्षक रंगविले, नायजेरिया सरकारने त्यास आक्षेपही घेतला. एकाची बाजू मांडताना दुसऱ्याला परके करणे असे सहज घडते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणासाठी घटनेतील ३५०-अ कलमाचा दाखला आपण दर निवेदनात देतो. तो योग्यच आहे. परंतु तेच कलम गोंडी मुलालाही लागू आहे, याचा उल्लेख आपल्या एकाही निवेदनात आमच्या वाचनात आला नाही. मराठी निदान आठव्या अनुसूचीत तरी आहे, गोंडीला तेथे अद्याप जागा नाही. पुढील निवेदनात गोंडीची मागणी समाविष्ट नसेल, तर त्यावर आमची सही नसेल.