टेक्सासमध्ये गर्दी कुणाची, गादी कुणाची?

दहा वर्षांत चाळीस लाख माणसं वाढली, म्हणून टेक्सासला संसदेत दोन जागा जास्त मिळाल्या. पण ज्यांच्यामुळे मिळाल्या, त्यांच्या वाट्याला काय आलं?

तुमच्या कॉलेजमधलं, सोसायटीतलं नाहीतर नात्यातलं कुणीतरी एमएस करायला टेक्सासला गेलेलं असणारच. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन ही नावं आता आपल्याला परकी राहिलेली नाहीत. माझी एक मावसबहीण डॅलसजवळ राहते. तिच्या इन्स्टावर गणपतीची आरती, पाणीपुरी आणि मागे दिसणारे ते अवाढव्य रस्ते, सगळं एकत्र असतं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग व्हिसाची रांग. ती अजून त्या रांगेतच आहे.

मागे ऑफिसमध्ये टेक्सासच्या मतदारसंघांच्या भांडणाची बातमी करायला मिळाली, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा कळली. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिचा मोजणीचा दिवस असतो १ एप्रिल. त्या दिवशी तिथे राहणारं प्रत्येक माणूस मोजलं जातं. नागरिक असो, विद्यार्थी व्हिसावर असो, नोकरीच्या व्हिसावर असो किंवा कागदपत्रं नसलेलं असो. आणि या डोक्यांच्या संख्येवरच कुठल्या राज्याला संसदेच्या कनिष्ठ सभागृहात किती जागा, हे ठरतं. म्हणजे माझी मावसबहीण टेक्सासची ताकद वाढवते, पण तिथे मत मात्र देऊ शकत नाही!

ही गोष्ट फक्त तिची नाही. आजच्या टेक्सासचं सगळं राजकारण याच फटीत अडकलंय. कसं ते बघू.

शंभर नवे टेक्सासकर

आधी आकार लक्षात घ्या. टेक्सास क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे, आणि लोकसंख्या मात्र सव्वातीन कोटींच्याही आत. तरी अमेरिकेत कॅलिफोर्नियानंतर सगळ्यात जास्त लोक इथेच राहतात. २०१० मध्ये टेक्सासमध्ये अडीच कोटी लोक होते, २०२० मध्ये दोन कोटी ९१ लाख. दहा वर्षांत जवळजवळ चाळीस लाखांची भर! इतकी भर दुसऱ्या कुठल्याच राज्यात पडली नाही.

आता ही नवी माणसं कोण? समजा, एका हॉलमध्ये शंभर 'नवे टेक्सासकर' उभे केले. त्यात साधारण ५० जण हिस्पॅनिक असतील, म्हणजे ज्यांची मुळं मेक्सिको किंवा इतर स्पॅनिश भाषिक देशांत आहेत असे. १५ आशियाई, १४ कृष्णवर्णीय आणि उरलेल्यांत बहुतेक मिश्र वंशाचे. आणि गोरे? फक्त पाच.

एकूण लोकसंख्येचं चित्रही तसंच बदललं. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक नसलेले गोरे ३९.७ टक्के होते, हिस्पॅनिक ३९.३ टक्के, कृष्णवर्णीय १२ टक्क्यांच्या आसपास आणि आशियाई साडेपाच टक्क्यांच्या आसपास. दोनच वर्षांनी, जुलै २०२२ च्या सरकारी अंदाजानुसार हिस्पॅनिक ४०.२ टक्क्यांवर गेले आणि गोरे ३९.८ वर आले. म्हणजे आज टेक्सासमध्ये कुणाचंच बहुमत नाही आणि सगळ्यात मोठा गट हिस्पॅनिकांचा आहे.

पण यांना 'बाहेरून आलेले' म्हणायची घाई करू नका. टेक्सास आधी स्पेनकडे होतं, मग मेक्सिकोकडे. १८३६ मध्ये ते वेगळं झालं, नऊ वर्षं स्वतंत्र देश म्हणून राहिलं आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं. मेक्सिकन वंशाची कितीतरी घराणी त्याआधीपासून तिथे आहेत. त्यांनी सीमा ओलांडलीच नाही, सीमाच सरकत त्यांच्या अंगणापलीकडे गेली. कृष्णवर्णीयांचा इतिहासही तितकाच खोल. गुलामगिरी संपल्याची घोषणा टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला पोहोचली ती १९ जून १८६५ ला. तोच दिवस 'जूनटीन्थ', २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी.

आशियाई लोक संख्येने कमी, पण वाढीचा वेग सगळ्यात जास्त त्यांचाच. १९७५ नंतर युद्धामुळे देश सोडलेले व्हिएतनामी ह्यूस्टनमध्ये स्थिरावले. पुढे आयटी, तेल आणि हॉस्पिटलांच्या नोकऱ्यांसाठी भारतीय आले. ह्यूस्टनला लागून असलेल्या फोर्ट बेंड काउंटीत आज साधारण पाचातलं एक माणूस आशियाई आहे. डॅलसजवळच्या फ्रिस्को, प्लेनो, अर्विंग या उपनगरांत भारतीय किराण्याचं दुकान शोधावं लागत नाही. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या 'हाउडी मोदी'ला पन्नासेक हजारांची गर्दी जमली, ती काही हवेतून आली नव्हती.

आपण कोण? 'हिंदू', 'गोरे' की 'एशियन इंडियन'?

टक्केवारी वाचताना एक प्रश्न विचारायचाच: हे रकाने ठरवले कुणी?

अमेरिकेच्या जनगणनेत १९२०, १९३० आणि १९४० ला भारतीयांसाठी वंशाचा रकाना होता 'हिंदू'. धर्म कुठलाही असो! तेव्हा तिथले बरेचसे भारतीय पंजाबी शीख होते, तरी कागदावर ते 'हिंदू' वंशाचे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीय 'गोरे' नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. आणि १९७० च्या जनगणनेत? भारतीयांची गणती चक्क गोऱ्यांमध्ये. मग भारतीय संघटनांनी मागणी लावून धरली आणि १९८० पासून 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र रकाना आला. माणसं तीच, कातडी तीच, फक्त फॉर्म बदलला.

मेक्सिकन लोकांचंही तेच. १९३० ला 'मेक्सिकन' हा वंश होता, पुढच्या वेळी तो काढून टाकला. आजही 'हिस्पॅनिक' हा तांत्रिकदृष्ट्या वंश नाही. वंशाचा प्रश्न वेगळा, हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न वेगळा. म्हणून तर बातम्यांत 'हिस्पॅनिक नसलेले गोरे' असा लांबलचक शब्द वापरावा लागतो. हे दोन प्रश्न एकत्र करायचे आणि पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना वेगळा रकाना द्यायचा, असा नवा नियम २०२४ मध्ये जाहीर झाला. म्हणजे पुढच्या जनगणनेत कुणी स्थलांतर न करताही टक्केवारी हलू शकते.

मोजणीतही गळती असते बरं का. २०२० च्या जनगणनेची नंतर तपासणी झाली, तेव्हा टेक्सासमध्ये जवळजवळ दोन टक्के, म्हणजे साधारण साडेपाच लाख माणसं सुटली असल्याचा अंदाज निघाला. देशभरात हिस्पॅनिकांची मोजणी तर सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरली. त्याआधी केंद्र सरकारला फॉर्मवर 'तुम्ही नागरिक आहात का?' हा प्रश्न घालायचा होता. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अडवला. पण भीती पसरायची ती पसरलीच होती. दारावर सरकारी माणूस आला की दार न उघडणं शहाणपणाचं, असं ज्या घराला वाटतं, ते घर मोजायचं कसं?

नकाशा कोण काढतं?

आता खरा मुद्दा. चाळीस लाखांच्या वाढीमुळे टेक्सासच्या जागा ३६ वरून ३८ झाल्या. शंभर नव्या लोकांमागे ९५ गोरेतर, मग नव्या दोन जागा कुणाच्या असायला हव्यात? २०२१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने नकाशा काढला, तेव्हा दोन्ही नव्या मतदारसंघांत बहुसंख्य मतदार गोरे होते. त्याच डिसेंबरमध्ये केंद्राच्या न्याय खात्याने याच मुद्द्यावर टेक्सासविरुद्ध खटला भरला.

हे होतं कसं? सोप्पं आहे. वर्गात ३० जण आहेत, सहल ठरवायचीय. १८ जणांना गोवा हवं, १२ जणांना महाबळेश्वर. सरळ हात वर केले तर गोवा. पण तुम्ही दहा-दहाच्या तीन बॅच पाडल्या आणि 'प्रत्येक बॅचला एक मत' असा नियम केला तर? पहिल्या बॅचमध्ये दहाच्या दहा गोवावाले कोंबा. उरलेले आठ चार-चार करून दुसऱ्या दोन बॅचमध्ये टाका, प्रत्येकी सहा महाबळेश्वरवाल्यांसोबत. निकाल: महाबळेश्वर २, गोवा १. एकाचंही मत न बदलता! यालाच तिथे 'जेरीमँडरिंग' म्हणतात.

आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो. टेक्सासमध्ये मात्र निवडून आलेले आमदारच रेषा आखतात. वर्षानुवर्षं तिथल्या नकाशांना केंद्राची आधी परवानगी लागायची. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने ती अट निकालात निघाली.

दहा वर्षं थांबायचा शिरस्ताही २०२५ मध्ये मोडला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना रिपब्लिकन पक्षासाठी टेक्सासमधून आणखी पाच जागा हव्या होत्या. मधेच नवा नकाशा आला. गणसंख्या पूर्ण होऊ नये म्हणून डेमोक्रॅट आमदार ऑगस्टमध्ये राज्य सोडूनच गेले आणि दोन आठवडे बाहेर राहिले. तरी नकाशा मंजूर झालाच. नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ न्यायालयाने वंशाच्या आधारावर रेषा आखल्याचं सांगत तो रोखला, पण डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश स्थगित करून २०२६ च्या निवडणुकीचा रस्ता मोकळा केला. मधल्या काळात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीही उलट्या बाजूने, डेमोक्रॅट पक्षाला फायद्याचा नकाशा मंजूर करून टाकला. म्हणजे या खेळात एकच पक्ष साधा-सरळ आणि दुसरा व्हिलन, असं नाही.

गठ्ठा मतं? विसरा!

'हिस्पॅनिक वाढले की टेक्सास आपोआप डेमोक्रॅट पक्षाचं होणार,' असं भाकीत कितीतरी वर्षं केलं जात होतं. ते फसलं. एक तर मोजलेलं प्रत्येक डोकं मतदार नसतं. टेक्सासच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक आहेत, पण ती अजून अठरा वर्षांची नाहीत. बऱ्याच मोठ्यांकडे नागरिकत्व नाही. फक्त पात्र मतदार मोजून मतदारसंघ करा, अशी मागणी टेक्सासमधूनच सुप्रीम कोर्टात गेली होती. २०१६ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं, सगळी लोकसंख्या धरून मतदारसंघ आखणं योग्यच आहे. त्यामागचा विचार साधा होता: लोकप्रतिनिधी फक्त मतदारांचा नसतो.

दुसरं, माणूस फक्त वंशाच्या रकान्यात राहत नाही. मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत जवळपास सगळे हिस्पॅनिक आहेत. २०१२ मध्ये तिथे ओबामांना ८६ टक्के मतं होती. २०२४ मध्ये तीच काउंटी ट्रम्प यांनी जिंकली, शंभराहून जास्त वर्षांनी पहिल्यांदाच तिथे रिपब्लिकन उमेदवार पुढे गेला. महागाई, नोकरी, सीमेवरची सुरक्षा, चर्च हे सगळं मतपेटीपर्यंत सोबत येतं. आडनावावरून मत ओळखणारे इथेही तोंडावर आपटतात आणि तिथेही.

मग आपल्याला काय त्याचं?

आपल्याकडेही जनगणना येतेय. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी कैक दशकं १९७१ च्या आकड्यांवर गोठवून ठेवलेली, त्यामुळे नव्या आकड्यांवरून वाद होणार हे नक्की. कोण किती टक्के, याचे फॉरवर्ड तुमच्या ग्रुपवर येतीलच. तेव्हा टेक्सास आठवा आणि चार प्रश्न विचारा. रकाना कुणी ठरवला? मोजणीतून कोण सुटलं? मोजलेल्यांपैकी मत कुणाला आहे? आणि रेषा कुणाच्या हातात आहे?

मावसबहिणीला मी विचारलं, तू जनगणनेचा फॉर्म भरलास का? म्हणाली, "हो, 'एशियन इंडियन'वर टिक केलं, पाच मिनिटांत झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "इथल्या शाळेचा, रस्त्याचा, टॅक्सचा निर्णय माझ्यासाठीही होतो ना. निदान मी आहे, एवढं तरी कुणाच्या तरी वहीत असायला हवं."

२०३० च्या १ एप्रिलला तुमच्यापैकीही कुणीतरी तिथे असेल. दार वाजलं तर उघडा. आणि ज्या गावात आपण मोजलेही जातो आणि मतही देऊ शकतो, तिथे मतदार यादीत आपलं नाव आहे का, ते आजच बघून घ्या.