पाठीसाठी वीस मिनिटं



आपल्या चळवळीला कण्याची भाषा फार आवडते. 'ताठ कण्यानं जगा', 'याला कणाच नाही' असं आपण सहज बोलतो, घोषणांतही ते शब्द येतात. माझा कणा ताठ नाही. छातीच्या मागे तो उजवीकडे जातो, कमरेशी डावीकडे येतो, आणि एक्स-रेवर कोन मोजला तर ३८ अंश भरतो. याला स्कोलिओसिस म्हणतात. केळापूर तालुक्यात काम करताना अशा आणखी पाठी मी पाहिल्या. बहुतेक पदराआड. पांढरकवड्याच्या बाजारात, कापसाच्या वावरात, बचत गटाच्या बैठकीत भिंतीला टेकून बसलेल्या. या वेळचं संपादकीय त्यांच्याविषयी आहे.

आधी थोडी माहिती, कारण या बाबतीत अज्ञान फार आणि त्याचा भुर्दंड बाईलाच. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला वाकत नाही, तो स्वतःभोवती पिळतो. त्या पिळाबरोबर बरगड्या फिरतात, एका बाजूला पाठीवर उंचवटा येतो, एक खांदा खाली जातो, कमरेची एक बाजू सपाट दिसते. कोन दहा अंश किंवा त्याहून जास्त असला की निदान पक्कं धरतात. वाढीच्या वयातल्या शंभरांत साधारण दोन-तीन मुलामुलींना तो असतो. लहान बाक मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखेच आढळतात, पण तीस अंशांच्या पुढे गेलेल्या बाकांत मुली कितीतरी पटींनी जास्त. सुमारे ८० टक्के वेळा कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्यानं हे होत नाही, वाकून बसल्यानं होत नाही, आणि पोटुशी असताना आईनं ग्रहणात विळी हातात घेतल्यानं तर मुळीच होत नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते. मुलीची पाठ वाकडी निघाली की पहिली चौकशी आईच्या बाळंतपणाची होते, बापाची कधी झालेली मी ऐकली नाही.

घरात हे आधी कोणाच्या लक्षात येतं? माझा अनुभव असा की गावात ब्लाउज शिवणारीच्या! माप घेताना तिला कळतं की एका खांद्याला टीप वेगळी घालावी लागणार, एका बाजूला थोडं अस्तर भरावं लागणार. ती हळूच आईच्या कानात सांगते, आणि तिथून लपवालपवी सुरू होते. वेणी पाठीवर सोडायची नाही, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा, पाहुणे पाहायला आले की चहा देऊन लगेच आत जायचं, वळायचं नाही. एका डॉक्टरांनी माझ्या आईला सांगितलं होतं, 'लग्नाआधी कुठं बोलू नका.' पाठ दुखते का, हे त्यांनी मला विचारलं नाही.

२०१८ साली इंग्लंडच्या राजघराण्यातली युजिनी पाठीचा गळा खोल असलेला पोशाख घालून बोहल्यावर उभी राहिली. बाराव्या वर्षी झालेल्या कण्याच्या शस्त्रक्रियेचा व्रण साऱ्या जगाला दिसावा म्हणून. राजवाड्यातल्या बाईला ते परवडतं, मान्य आहे. तरी नवरी मुलगी पाठ दाखवते, ही कल्पनाच मला कितीतरी दिवस पुरली.

लपवण्याची किंमत काय, तर पुढे दवाखान्यातही बाई सांगत नाही. मोठे बाक सोडले, तर स्कोलिओसिसमुळे मूल होण्यात किंवा बाळंतपणात सहसा अडचण येत नाही, सासरच्यांचा तो धाक निराधार आहे. पण सिझेरियनची वेळ आली तर पाठीत सुई देऊन भूल देतात, आणि पिळलेल्या कण्यात ती सुई नेमकी बसवणं अवघड जातं. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी ठाऊक असलं पाहिजे, टेबलावर नव्हे. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पाठीचं दुखणं तर लाजेच्या जागेचंही नाही, तरी तेही तसंच दबून राहतं.

आता मुद्द्याचं. वय वाढल्यावर काय? वाढीच्या वयात पट्टा, म्हणजे ब्रेस, उपयोगी पडतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पट्टा लावलेल्या ७२ टक्के मुलामुलींचा बाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेला नाही, न लावलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. हाडांची वाढ थांबली की ती संधी गेली. आपल्याकडे शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला, पण त्याच्या तीस आजारांच्या यादीत स्कोलिओसिस नाही. त्यामुळे खेड्यातल्या मुलीची संधी बहुतेक वेळा कोणाला न कळताच जाते.

पण संधी गेली म्हणजे बाई गेली नाही! अमेरिकेतल्या आयोवात काहीही उपचार न घेतलेल्या ११७ जणांचा सुमारे पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचा अहवाल २००३ साली आला. बहुतेकांनी आयुष्य इतरांसारखंच काढलं, कामधंदा केला, संसार केला. फरक पडला तो दुखण्यात. त्यांच्यातल्या ६१ टक्क्यांना जुनाट पाठदुखी होती, बाक नसलेल्यांत ३५ टक्क्यांना. तीस अंशांच्या आतला बाक मोठेपणी सहसा वाढत नाही, पन्नासच्या पुढचा मात्र वर्षाला साधारण एखाद्या अंशानं वाढू शकतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आणि व्यायाम? व्यायामानं माझे ३८ अंश शून्य होणार नाहीत, तसं कोणी सांगत असेल तर ती व्यक्ती काहीतरी विकते आहे. मोठ्या माणसानं व्यायाम करायचा तो दुखणं कमी व्हावं, दम टिकावा, पाठीला धरून ठेवणारे स्नायू खंबीर व्हावेत म्हणून. २०१६ साली इटलीत १३० प्रौढांवर झालेल्या अभ्यासात वीस आठवड्यांच्या शिकवलेल्या व्यायामानं रोजच्या हालचालीत आणि दुखण्यात चांगला फरक पडला. या विषयातलं एक जुनं नाव एका बाईचंच आहे. जर्मनीतली काथारिना श्रोथ हिची स्वतःची पाठ वाकडी होती, तरुणपणी तिनं पोलादी पट्टा वापरला. आरशासमोर उभं राहून तिनं शोधलं की बरगड्यांच्या खोलगट बाजूत श्वास नेता येतो, आणि त्या श्वासानं शरीर आतून भरून काढता येतं. १९२१ साली तिनं ते इतरांना शिकवायला सुरुवात केली. आपल्या पुण्यात अय्यंगार गुरुजींनी दोऱ्या, बाक, भिंत, ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं शिकवायची पद्धत रुजवली, तिचाही अशा पाठींना उपयोग होतो. साधनं साधीच आहेत. चटई, भिंत, घडी घातलेलं घोंगडं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. प्रत्येकीचा बाक वेगळा, म्हणून एकीचा व्यायाम दुसरीनं जशाच्या तसा उचलायचा नाही. माझी खोलगट बाजू डावी, तुमची उजवी असेल. एकदा तरी एक्स-रे काढून फिजिओथेरपिस्टकडून तो आखून घ्यायचा. त्यासाठी इथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर सेवाग्राम किंवा नागपूरला जावं लागतं. म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. आणि मोठेपणी नव्यानं कुबड येत असेल, बारीक ताप असेल, वजन घटत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम नको, ताबडतोब दवाखाना. पाठीचा क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

पण एक्स-रे आणि फिजिओथेरपिस्ट मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते. मी व्यायामाचा विषय काढला तेव्हा एक बाई मला म्हणाली, "ताई, दिसभर वावरात वाकूनच असतो ना मी, अजून वाकाले काहून सांगता?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग लक्षात आलं की तिनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं आहे. राबणं आणि व्यायाम यांतला फरक बाईला कोणी सांगितलेलाच नाही. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधलेली असते, ती भरत जाते, पाठ तासन् तास एकाच तऱ्हेनं झुकलेली असते, हात जमेल तितका भराभर चालतो, कारण मजुरी किलोवर आहे. त्या कामानं कणा वाकडा होत नाही, पण वाकड्या कण्याच्या एका बाजूचे थकलेले स्नायू आणखी थकतात. राबताना शरीर दुसऱ्याच्या हिशेबानं हलतं. व्यायामात बाईनं आपल्या शरीराकडे लक्ष द्यायचं असतं, सावकाश, आणि त्यातून कोणाला काही मिळत नाही. घराला नेमकं हेच खुपतं.

वीस मिनिटं. रोजची एवढीच मागणी आहे. पण ती वीस मिनिटं कुठली? पहाटे पाणी आणि डबे, संध्याकाळी चूल. जागा कुठली? एका खोलीत सासरा, दीर, मुलं. साडी नेसून जमिनीवर पाय वर करून झोपायचं कसं? सलवार घातली की 'आता हिला काय शहरचं वारं लागलं' हे आलंच. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग घ्यायचे असं सरकारी धोरण आहे, चांगलंच आहे. पण वर्गाची वेळ सकाळची आणि जागा उघड्या पटांगणाची असेल तर तिथे बायका कशा येणार? वेळ ठरवताना बायकांना विचारा, हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

आणखी एक. अपंग हक्क कायदा २०१६ साली आला, त्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. पण बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि नुसत्या कण्याच्या बाकावर तेवढे टक्के क्वचितच मिळतात. म्हणजे लग्नाच्या बाजारात ही मुलगी 'अपंग', आणि सरकारी कागदावर 'धडधाकट'. दोन्ही ठिकाणी ठरवणारे दुसरेच.

आम्ही एवढं केलं आहे. दर बुधवारी दुपारी तीन ते चार आमच्या कार्यालयाच्या मागच्या खोलीचं दार आतून बंद असतं. सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीला एक मोठा आरसा. पहिल्या दिवशी आरशाकडे पाठ करून बसलेल्या बायका आता मान वळवून आपली पाठ स्वतः पाहतात, एकमेकींच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास कुठे जातो ते सांगतात. वेचणीच्या दिवसांत दोघी-तिघीच येतात, तेव्हा वर्ग रात्री साडेआठला ठेवून पाहिला. पण तेव्हा परत जायला सोबत मिळत नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुमच्या गटानं अशी खोली कुठे मिळवली, वेळ कोणती जमली आणि रात्रीच्या सोबतीचं काय केलं, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.