तांबी बसते, मग रिंग का नाही?

‘अंग बाहेर येतं’, ‘मायांग उतरलंय’ हे शब्द मराठी घरांना नवे नाहीत, फक्त ते पुरुषमाणसं ओसरीवर गेल्यावर बोलले जातात. उठताबसता काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटणं, संध्याकाळपर्यंत ओटीपोटात ओढ लागणं, लघवी पूर्ण न होणं, शौचाला बसल्यावर हाताला गोळा लागणं, ही दुखणी बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. शेवटी धीर करून दवाखान्यात गेल्या की बऱ्याचदा पहिला आणि शेवटचा सल्ला एकच मिळतो : पिशवी काढून टाका. माझं म्हणणं असं की या दुखण्यात शस्त्रक्रियेचा नंबर बहुतेकींच्या बाबतीत तिसरा लागायला हवा. त्याआधी शिकवून करून घेतलेला व्यायाम यावा आणि आत बसवायची रिंग यावी. या दोन गोष्टी बायकांपुढे ठेवल्याच जात नाहीत. त्याचं कारण वैद्यकशास्त्रात शोधून सापडत नाही, ते आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या हिशेबात सापडतं.

आधी पिशवीवरचा आरोप तपासून पाहू. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव तिच्या आणि वरून धरून ठेवणाऱ्या बंधांच्या आधाराने जागेवर राहतात. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी हाडापासून सुटतेही. चिमटा लावून केलेल्या बाळंतपणात ही शक्यता वाढते. पुढे पाळी गेल्यावर ऊती पातळ होतात. जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन आणि डोक्या-कमरेवरची ओझी वर्षानुवर्षं वरून दाब देत राहतात. आधार ढिला पडला की यांपैकी कोणताही अवयव खाली येतो, आणि सर्वांत जास्त वेळा खाली येते ती योनीची पुढची भिंत, म्हणजे तिच्यालगतचं मूत्राशय. गर्भाशय अनेकदा केवळ सोबतीला असतं. मग त्याला काढून टाकल्याने झोळी कशी शिवली जाणार? आधाराची नीट दुरुस्ती न करता गर्भाशय काढलं, तर मागे उरलेला योनीचा माथाच पुढे खाली येऊ शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे माहीत असतं. रुग्णाला ते सांगितलं जातंच असं नाही.

दुसरी गोष्ट, तपासणीत दिसलं म्हणजे उपचार हवाच असं नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, गर्भाशय असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४१ टक्के जणींत काही ना काही प्रमाणात अवयव खाली सरकलेले आढळले. याउलट त्याच देशातल्या, वीस वर्षांवरच्या स्त्रियांच्या राष्ट्रीय पाहणीत खाली गोळा जाणवतो किंवा दिसतो असं सांगणाऱ्या जेमतेम ३ टक्के होत्या. दोन्ही पाहण्यांतली वयं वेगळी आहेत, तेव्हा आकडे शेजारीशेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. पण डॉक्टरच्या डोळ्याला दिसणारं आणि बाईला छळणारं यांत मोठं अंतर असतं, एवढं त्यातून नक्की कळतं. जिला त्रास नाही, तिला ‘आत्ताच करून घ्या, पुढे अवघड जाईल’ म्हणून भीती घालणं गैर आहे. हे दुखणं क्वचितच तातडीचं असतं. लघवी अडणं, मूत्रपिंडावर दाब येणं, बाहेर आलेल्या भागाला न भरणारी जखम होणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, या गोष्टी मात्र थांबू देणाऱ्या नाहीत. तिथे तपासणीला उशीर नको.

आता व्यायाम. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले झोळीच्या स्नायूंचे व्यायाम आज मोबाइलवरच्या प्रत्येक आरोग्यसल्ल्यात असतात, आणि म्हणूनच त्यांना कोणी गांभीर्याने घेत नाही. पुरावा मात्र भक्कम आहे. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने १६ आठवड्यांत पाच भेटींत प्रत्यक्ष शिकवलं, उरलेल्यांना माहितीपत्रक दिलं. वर्षभरानंतर शिकवलेल्या गटाचा त्रास स्पष्टपणे कमी होता. पुढे आणखी उपचार घ्यावे लागलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात २४ टक्के होतं, तर पत्रकवाल्या गटात ५० टक्के. नॉर्वेतल्या १०९ स्त्रियांच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या व्यायामाने १९ टक्के जणींची पायरी, म्हणजे अवयव किती खाली आला याची श्रेणी, एकाने सुधारली. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. म्हणजे व्यायामाने त्रास बऱ्यापैकी कमी होतो, पण खाली आलेलं पूर्ण वर जाण्याची शक्यता कमी. हा फरक आधीच सांगितला तर कोणाची निराशा होणार नाही. पूर्ण बाहेर आलेल्या गर्भाशयाला व्यायामाने परत आत नेऊ असं कोणी म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे.

पण शिकवणं हा यातला कळीचा शब्द. १९९१ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी सांगून करायला लावला. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला आणि एकचतुर्थांश जणी तर नेमकं उलटं, खाली जोर देत होत्या. ज्या झोळीला उचलायचं तिलाच ढकलायचं! वारा सरायची उबळ आवरताना जे स्नायू आत-वर ओढले जातात तेच ओढायचे, पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या, श्वास रोखायचा नाही, काही सेकंद धरून सोडायचं, दिवसातून तीन वेळा आठ-दहा आवर्तनं करायची. शिंक, खोकला किंवा हंडा उचलण्याच्या आधी तेच स्नायू आवळायचे. वाचायला सोपं, पण बोटाने तपासून ‘हो, हेच’ म्हणणारं कोणीतरी एकदा तरी हवं. हा तर आपला योगातला मूलबंध, असं म्हणणारे वाचक असतील. आकुंचन त्या जातीचंच आहे, त्यावर वाद घालायचं मला कारण दिसत नाही. फक्त गुण आला तो नावाने नाही, तर कोणीतरी तपासून, चार महिने पाठीशी लागून करून घेतल्याने. ब्रिटनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही सौम्य पायऱ्यांसाठी किमान १६ आठवडे देखरेखीखालचा व्यायाम सांगितला आहे. सोबत वजन, बद्धकोष्ठता आणि जड उचलणं यांकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे.

रिंगची, म्हणजे पेसरीची, कल्पना केगेलपेक्षा कितीतरी जुनी. प्राचीन ग्रीक वैद्यकात अर्धं डाळिंब आत बसवून अवयव तोलून धरत असत. आजची पेसरी मऊ सिलिकॉनची असते. बहुतेकींना साधी रिंग पुरते. आधार फारच गेला असेल तर चकतीला दांडी असलेला किंवा घनाकार प्रकार लागतो. माप घेऊन ती बसवतात, मग बाईला चालायला, खोकायला, लघवीला जायला सांगतात. टिकली आणि टोचत नसली की झालं. कधी दोन-तीन मापं करून बघावी लागतात. भूल नाही, टाका नाही, खाट नाही, आणि नको वाटली तर काढता येते. तोटेही आहेत : स्राव वाढतो, घासून जखम होऊ शकते, थोडं रक्त जाऊ शकतं. पाळी गेलेल्या स्त्रीला कधी इस्ट्रोजेनचं मलम लावावं लागतं. त्या मलमाने ऊती सुधारतात. अवयव वर जात नाही. वर्षानुवर्षं आत विसरलेली पेसरी मात्र मूत्राशयापर्यंत भोक पाडू शकते. असं क्वचित होतं, पण होतं.

शस्त्रक्रियेच्या बाजूने सर्वांत सबळ आक्षेप येतो तो नेदरलँड्समधून. तिथल्या ४४० स्त्रियांचा अभ्यास २०२२ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. पेसरीने सुरुवात केलेल्यांपैकी ७६.३ टक्के, तर शस्त्रक्रियेने सुरुवात केलेल्यांपैकी ८१.५ टक्के जणींनी दोन वर्षांनंतर बरं वाटल्याचं सांगितलं. पेसरी शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाही, हे काही त्या संशोधकांना सिद्ध करता आलं नाही. शिवाय पेसरी गटातल्या २१८ पैकी ११८ जणी मधल्या काळात शस्त्रक्रियेकडे वळल्या. मग दोन वर्षं घालवायचीच कशाला, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, पण तेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. उरलेल्या १०० जणींवर त्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया झाली नाही. ज्या वळल्या, त्यांचा मार्ग रिंगने बंद केला नव्हता. रिंग काढून शस्त्रक्रिया करता येते. शस्त्रक्रिया काढून रिंग बसवता येत नाही. जिला पहिल्या दिवसापासून शस्त्रक्रियाच हवी आहे, तिला ती मिळावी. तिने दोन्ही वाटा पाहून ती निवडली एवढंच मागणं आहे.

शस्त्रक्रियेवर माझा राग नाही. या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियांत मुंबईचं नाव जगाच्या पुस्तकांत आहे. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या पद्धती आजही शिकवल्या जातात. आणि त्या, लक्षात घ्या, तरुण स्त्रीचं गर्भाशय राखून त्याला आधार देणाऱ्या आहेत. पिशवी काढणं हाच उपाय असता तर या दोघांनी इतका खटाटोप केलाच नसता. शस्त्रक्रियेलाही मर्यादा आहेत. आधार पुन्हा ढिला पडतो. १९९७ च्या एका गाजलेल्या अमेरिकी पाहणीत अवयव उतरणे किंवा लघवी न धरता येणे यांवरच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे २९ टक्के या पुन्हा कराव्या लागलेल्या होत्या. त्यावर तोड म्हणून योनीमार्गे बसवायची कृत्रिम जाळी आली. ती कायमच्या वेदना देऊ लागल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या दुखण्यासाठीची तिची विक्री थांबवली. जाळी आत रुतलेली असते. ज्यांनी ती काढून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांना ‘परत फिरता न येणं’ म्हणजे काय ते कळलं.

नेहमीचा आक्षेप मात्र आपल्या मातीतला आहे : खेड्यातली बाई तपासणीला परत येत नाही, रिंग आत विसरेल, घाण होईल, आणि स्वतःच्या हाताने ती काढणं-घालणं तिला जमणार नाही. हे ऐकताना मला तांबी आठवते. याच खेड्यांत, याच बायकांना, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी दशकानुदशकं तांबी बसवली. नोंद ठेवली, तपासलं, मुदत संपल्यावर काढली. तेव्हा ‘बाई परत येत नाही’ म्हणून कार्यक्रम गुंडाळला नाही, कारण तांबीत सरकारला रस होता. लोकसंख्येचं उद्दिष्ट होतं, रकाना भरायचा होता. रिंगमध्ये फक्त त्या बाईला रस आहे. जमण्या-न जमण्याबद्दल म्हणाल तर ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांवर हेच तपासलं गेलं. काहींना रिंग स्वतः काढून धुऊन घालायला शिकवलं, काहींची देखभाल दवाखान्याकडे ठेवली. दीड वर्षानंतर जीवनमानात फरक नव्हता, आणि तक्रारी स्वतः सांभाळणाऱ्या गटात कमी होत्या. ब्रिटिश बाई वेगळी, हे मान्य. तिच्या घरात बंद दाराचं न्हाणीघर आणि नळाला पाणी असतं. पण मग अडचण पाण्याची आणि आडोशाची आहे, बाईच्या अकलेची नाही.

पैशाचा ओघ कुठे जातो ते पाहिलं की उरलेलं कोडं सुटतं. आयुष्मान भारतसारख्या विमा योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. गर्भाशय काढण्याला तिथे दर आहे. बाह्यरुग्ण विभागात अर्धा तास बसून माप घेण्याला, किंवा चार महिन्यांत पाच वेळा व्यायाम तपासण्याला तसा दर नाही. तालुक्याच्या ठिकाणी या कामात तरबेज फिजिओथेरपिस्ट शोधूनही मिळत नाही तो यामुळेच. बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यातल्या सगळ्यांना हे दुखणं नव्हतं. पांढरं जाणं, पोटदुखी, पाळीचा जाच अशी कारणं त्यांत मोठी होती. पण साचा एकच : तक्रार कोणतीही असो, उत्तर पिशवीवर. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. ते योग्यच झालं. पण नुसतं ‘काढू नका’ म्हटल्याने बाईचा त्रास जागच्या जागी राहतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. आज दवाखाने वाढले आहेत. पण तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्या मधला टप्पा तेव्हासारखाच मोकळा आहे.

तो भरायला मोठी यंत्रं लागत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात चार-पाच मापांच्या पेसऱ्या, त्या बसवायला शिकलेली नर्स, आठवड्यातून एक दिवस येणारी फिजिओथेरपिस्ट, आणि या भेटींना विमा योजनेत दर. नुसता दर ठरला तरी निम्मं काम होईल. सुरुवात ऊसतोड महिलांपासून करता येईल. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तो काळ साधारण सहा महिन्यांचा. रिंगच्या दोन तपासण्यांमध्ये साधारण तेवढं अंतर चालतं. कोयता निघायच्या आधी माप घेऊन बसवलेली, घरी दोन आठवडे वापरून पाहिलेली आणि स्वतः काढायला शिकवलेली रिंग परतल्यावर तपासायची, एवढं वेळापत्रक एखाद्या तालुक्याने यंदाच्या हंगामात करून पाहावं.