चौघांची शिकवणी

सहामाहीच्या गुणांनी कितीतरी घरांतला फराळ कडू होतो. मग आई मुलाला घेऊन माझ्याकडे येते. तिचे पहिले वाक्य ठरलेले, "हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही!"

वाचकहो, तीस वर्षे शाळेत मीही हेच म्हणत होते. साठ-साठ मुलांचे वर्ग; वहीवर तांबड्या शाईने 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला की काम संपले.

निवृत्त झाल्यावर घरी शिकवणी सुरू केली. सतरंजी लहान म्हणून मुले चारच घेतली. (त्यात शास्त्र वगैरे काही नव्हते!) चौघेही दहावीचे, वर्गसमीकरणांत अडलेले. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिली. अंशात अंश मिळवला, छेदात छेद! मी तांबडे पेन उचलणार, तोच शेजारचा मुलगा (त्याला स्वतःला बीजगणितात चाळीसपैकी नऊ) म्हणाला, "अगं, अर्ध्या पोळीत आणखी पोळी घातलीस, आणि ती अर्धीपेक्षा कमी कशी झाली?"

मुलगी वहीकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मी पाचवीपासून असंच करते." आणखी एकजण पुटपुटला, "मीपण."

वर्गसमीकरणे राहिली बाजूला. स्वयंपाकघरातून पोळी आणली, तिचे सारखे सहा तुकडे केले. अर्धी म्हणजे तीन, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. झाले पाच षष्ठांश. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत होती, साडेतीनाची औटकीसुद्धा! पण पाव नि अर्धा मिळून पाऊण होतो, हे त्यांना बाजारात रोज दिसत होते. या मुलांना छेद फक्त कागदावर भेटलेला.

तेव्हापासून माझा एकच नियम. ज्याचे उत्तर चुकले, त्याने ते कसे काढले हे मोठ्याने सांगायचे. तिघांनी शंका विचारायच्या. मी सर्वांत शेवटी बोलायचे. हे शेवटचे मला फार जड गेले! एकटे मूल उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधते, साठांतले मूल पुढच्याच्या पाठीआड लपते. चौघांत दोन्ही जमत नाही.

तिघे मार्चमध्ये सुटले. पोळीवाला मुलगा मात्र जुलैच्या पुरवणी परीक्षेत.

ती मुलगी पेढे घेऊन आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "बाई, हे मला पाचवीतच कुणी विचारलं असतं तर?"

बरीच वर्षे मी पाचवीलाच गणित शिकवत होते, हे मी तिला सांगितले नाही.